मोकळ्या मांडीची भुलाबाई

नलू,

काल तुझी तेरवी झाली. आज सकाळी शेवटचे पाहुणे गेले. तुझे वसंतराव बाहेरच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडले आहेत, आणि मी तुझ्या स्वयंपाकघरात पाटावर बसून तुझ्याशी भांडायला घेतलं आहे. तुला नवल वाटायचं काही कारण नाही. आर्ट स्कूलच्या पहिल्या दिवसापासून आपण दोघींनी दुसरं केलंय तरी काय?

काल सगळे तुझ्याबद्दल फार चांगलं बोलले, त्याचाच मला राग आला आहे. जो येईल तो मंजूच्या डोक्यावर हात ठेवून तेच सांगे. आईनं तुझ्यासाठी रक्ताचं पाणी केलं. हातात एवढी कला होती, पण पोरीसाठी सगळी हौस गुंडाळून ठेवली. आणि कधी कुरकुर म्हणून नाही. हे शेवटचं ऐकून मी वरणाचं भांडं घेऊन उठलेच. तू आणि कुरकुर नाही? मी ती या कानांनी ऐकली आहे. सीताबर्डीच्या बसथांब्यावर ऐकली आहे, रामटेकच्या पायऱ्या चढताना ऐकली आहे, याच ओट्याशी कणीक मळताना ऐकली आहे. पण तेरवीच्या पंगतीत कोण कोणाशी वाद घालणार? मी वरण वाढत राहिले.

मंजू खाली मान घालून ऐकत होती. तिला सातवा महिना, म्हणून बायकांनी तिला पहिल्या दिवसापासून सगळ्यापासून लांब ठेवलं. तुला नेलं तेव्हासुद्धा ती आतल्या खोलीत होती, खिडकीतून जेवढी दिसलीस तेवढीच तिच्या वाट्याला आलीस. तू गेल्यापासून ती धड झोपलेली नाही. डोळ्यांखाली काळं झालं आहे, बसल्या जागी दचकते. बायका म्हणतात, दुःख आहे, हळूहळू उतरेल. मलाही आज दुपारपर्यंत तसंच वाटत होतं.

तुला ती मोळीवाली आठवते का? आपल्या वर्गात मातीकामाला दोनच मुली होत्या, तू आणि मी. मी आपली पास होण्यापुरती बरी होते. तू माती हातात घेतलीस की सर बोलायचे थांबत. तुझ्या त्या मोळीवालीच्या मूर्तीसाठी आपण कितीदा तरी रामटेकला गेलो, गडाच्या पायथ्याशी मोळ्या आणणाऱ्या बायका बघत बसलो. एकीच्या मागे तू चालतच सुटलीस, तेव्हा ती चिडून वळली, "काहून मागं मागं येऊन राहिली वं?" आणि तू तिला खरंच सांगून टाकलंस की तुमची मान पाहून राहिली. ती बाई हसली आणि डोक्यावरच्या मोळीसकट तुझ्यासाठी उभी राहिली. माझा जीव वरखाली होत होता, तू मात्र तिच्याभोवती शांतपणे फिरत होतीस.

पुरुषभर उंच झाली ती मूर्ती. बक्षीस मिळालं, शाळेच्या व्हरांड्यात बरीच वर्षं उभी होती, मग हलवाहलवीत फुटली. तिच्याकडे बघून मी त्या वेळी ठरवूनच टाकलं की तू आता असलीच कामं करणार. मोठमोठी. चौकाचौकात. तुझं तू काय ठरवलं होतंस ते मी विचारलं नव्हतं. पण एवढं गृहीत मैत्रिणीनं नाही धरायचं तर कोणी?

मग साठ-एकसष्टच्या सुमारास तुझं लग्न झालं, महाल भागातल्या या दोन खोल्या आल्या, आणि मंजू झाली.

काय पोर होतं ते. खाली ठेवलं की आकांत. आजीकडे जायचं नाही, बापाकडे जायचं नाही, पाळण्याशी तर उभं वैर. तिला फक्त तुझी मांडी हवी. मी तेव्हा शाळेत ड्रॉइंग शिकवायला लागले होते. शनिवारी दुपारी शाळा सुटली की तडक तुझ्याकडे यायची आणि म्हणायची, आण तिला इकडे, तू जरा मातीला बस. माझ्या मांडीवर ती अंगावर पाल पडल्यासारखी किंचाळे. तू हात पुसत यायचीस, तिला उचलून घ्यायचीस आणि हसून सांगायचीस की तुझी मांडी नुसती हाडाची आहे, पोरीला टोचते. मलाही हसू यायचं, पण आतून चडफडाटही व्हायचा. तुझी दुपार वाया गेली याचा तुझ्यापेक्षा मलाच जास्त राग.

त्या वर्षी भादवा आला. आपल्याकडे भादव्याच्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत महिनाभर घरोघरी भुलाबाई बसते. मातीची भुलाबाई, शेजारी भुलोजी, तिच्या मांडीवर बाळ गणपती. संध्याकाळी आळीतल्या पोरी जमतात, गाणी म्हणतात, आणि मग झाकलेल्या डब्यात कसली खिरापत आहे ते ओळखायचा खेळ चालतो. हे तुला सांगायला नको, पण आता आमच्या कॉलनीतल्या पोरी संध्याकाळी टीव्हीपुढे बसतात, म्हणून लिहून ठेवते आहे. तर बाजारातून आणलेल्या भुलाबाईचा हात वसंतरावांच्या सायकलवरून येता येताच मोडला. तुझ्या सासूबाईंनी अपशकुन म्हणून तोंड वाकडं केलं. तू म्हणालीस, थांबा, मीच करते.

आणि मंजूला मांडीवरून न उतरवता तू केलीस. ते मी पाहिलं आहे, म्हणून सांगते. पोर मांडीवर, तिचं डोकं तुझ्या हनुवटीखाली, आणि त्या डोक्याच्या पलीकडे पाटावर माती. तुला स्वतःचे हात दिसतच नव्हते. दोन्ही बाजूंनी हात पुढे काढून तू चाचपत चाचपत काम करत होतीस. नाकाशी आलीस की डाव्या हाताचं बोट मंजूच्या नाकावरून फिरवायचीस आणि उजव्या हाताने मातीवर तेच करायचीस. पोरीचं तोंड चिखलाने माखलेलं, आणि ती गप्प. जन्मात पहिल्यांदा गप्प. मी दारात उभी राहून बघत होते आणि मला वाटत होतं, ही काय पद्धत झाली? शाळेत आपल्याला शिकवलं होतं की लांब उभं राहा, डोळे बारीक करून बघा, सगळीकडून फिरा. तुला तर समोरूनही बघायला मिळत नव्हतं.

माती वाळली, तू गेरू आणि चुना लावलास, आणि मी ती भुलाबाई हातात घेऊन बघतच बसले. तसा चेहरा मी त्याआधी पाहिला नव्हता. मोळीवालीची मान सुरेख होती, पण तिच्याकडे बघून कोणाला तिच्याजवळ बसावंसं वाटलं नसतं. या वीतभर बाईजवळ बसावंसं वाटत होतं. त्या महिन्यात पलीकडच्या आळीतल्या पोरीसुद्धा तुझ्याकडे गाणी म्हणायला यायला लागल्या.

मग कोजागिरी झाली आणि दुसऱ्या दिवशी तू ती मूर्ती नेऊन तलावात सोडलीस.

इथून आपलं भांडण सुरू झालं ते आजपर्यंत. दरवर्षी तू नवी भुलाबाई करायचीस, आधीच्या वर्षीपेक्षा सरस, आणि दरवर्षी ती पाण्यात. मी शाळेतून प्लास्टर आणलं, साचा काढू म्हटलं. भट्टीत भाजून आणते म्हटलं. एकदा तर तलावाच्या काठावर तुझ्या हातातली टोपली ओढली, लोक बघायला लागले. तू टोपली सोडली नाहीस. "काहून जीव काढून राहिली वं?" म्हणालीस. "पुढच्या साली मंजूचं तोंड वेगळं असन. मी वेगळी करीन." आणि मूर्ती पाण्यात ठेवून, ती विरघळायच्या आत पाठ फिरवून चालायला लागलीस. मंजू तुझा पदर धरून, आणि मी मागून बडबडत.

जरा उठून चहा टाकून आले. या घरात साखरेचा डबा कुठे असतो हे मला तुझ्या जावेपेक्षा जास्त माहीत आहे.

आता त्या वर्षाचं सांगते, कारण आज दुपारी सगळं तिथेच येऊन अडलं. मंजू चार-पाच वर्षांची असेल. आपल्या सरांना एका नव्या इमारतीच्या दर्शनी भिंतीवर उठावाची शिल्पं करायचं काम मिळालं होतं. चांगली लांबरुंद भिंत. त्यांनी निरोप पाठवला तो तुझ्यासाठी, माझ्यासाठी नाही. रोज सकाळी जायचं, संध्याकाळी यायचं, पावसाळाभर. तू हो म्हणालीस. वसंतरावही हो म्हणाले, त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. ते कशालाच नाही म्हणत नाहीत आणि कशासाठी जागचे हलतही नाहीत. मग मंजूला गोवर निघाला. गोवर ओसरतो आहे तोवर सासूबाई न्हाणीत घसरल्या. तू सरांना पुढच्या आठवड्यापासून येते म्हणून कळवलंस, मग त्याच्या पुढच्या. सरांनी वाट पाहिली, आणि मग मुंबईहून एक मुलगा बोलावून घेतला. त्यांचंही चुकलं नाही. चुकलं कोणाचंच नव्हतं, म्हणून तर राग काढायला जागा नव्हती.

त्या भादव्यात तू भुलाबाई केलीस आणि तिच्या मांडीवर गणपती केलाच नाहीस.

मी आले तेव्हा सासूबाई खाटेवरून विचारत होत्या, मूल कुठे आहे? तू म्हणालीस, माती संपली. संध्याकाळी वसंतरावांनी विचारलं तर त्यांना म्हणालीस, मंजूनं तोडला. बिचारी मंजू तिथेच बसली होती, तिला तर खरंच वाटलं. सासूबाईंनी शेजाऱ्यांच्या हाती बाजारातली भुलाबाई मागवली. अधुरी मूर्ती कशी पुजायची? तुझी ती फडताळात गेली. पुजली नाही म्हणून पाण्यातही गेली नाही. इतक्या वर्षांत तुझ्या हातचं जे एकमेव काम या जगात उरलं ते हे, म्हणजे जे तू पुरं केलं नाहीस ते.

पण त्या दिवशी मी निघाले तेव्हा तू मला दारापर्यंत सोडायला आलीस. काडीने नखातली माती काढत होतीस. मी विचारलं, खरं काय झालं? तू माझ्याकडे बघितलंही नाहीस. "राहू दे वं," म्हणालीस. "एक तरी बाई मोकळ्या मांडीची असू दे."

हे तू म्हणालीस, नलू. मी ऐकलं. आणि पुढे जन्मभर नाकारत आलीस. मी कधीही ते काढलं की तू म्हणायचीस, मी असं बोललीच नाही, तूच आपल्या मनचं लावून राहिली. पहिल्यांदा म्हणालीस तेव्हा मला वाटलं, लाजली असेल. मग वाटलं, विसरली असेल. नंतर नंतर तर तू इतक्या ठामपणे सांगायला लागलीस की मलाच शंका यायला लागली. पण नाही. काडी आठवते, नखं आठवतात, आवाज आठवतो. तू बोललीस.

पुढच्या वर्षी तू पुन्हा भुलाबाई केलीस, मांडीवर गणपतीसकट, आणि ती सगळ्यात सुंदर झाली. मला वाटलं, आता ही थांबणार नाही. मंजू शाळेत जायला लागली तशी मी मागेच लागले. घर मोकळं आहे, हात मोकळे आहेत, आता मोठं काहीतरी घे. तू घेतलंसही. मागच्या अंगणात माती आणून टाकली, लोखंडी सळ्यांचा सांगाडा उभा केला. मी शनिवारी येऊन बघायची तर सांगाडा तसाच, तू त्याच्यासमोर उभी. महिन्याभरात त्याच्यावर वाल चढवलास. विचारलं तर म्हणालीस, "हात लांब केले का मले काही समजतच नाही वं. हे मधलं असते नं, छातीपाशी, तिथंच समजते."

मी म्हटलं, ही सबब आहे. मोळीवाली लांबूनच केली होतीस ना? पोरीनं तुला लहान करून ठेवलं आहे आणि तू त्यालाच कला म्हणते आहेस. तेव्हा तू उलटलीस. "तू मोठं काय केलं वं, इंदू? तुह्या मांडीवर तं कोणीच नव्हतं."

त्यानंतर सहा-आठ महिने मी तुझ्या दारात आले नाही. मग एका हिवाळ्यात तू शाळेत डबा घेऊन आलीस, सांबारवडी होती, कोथिंबिरीची ती आपली भरलेली वडी. चाखून पाहा, म्हणालीस, मीठ कमी वाटून राहिलं. मी खाल्ली आणि म्हटलं, बरोबर आहे. बस्स. तू माफी मागितली नाहीस, मी मागू दिली नाही. आज ते खुपतं आहे असं कोणाला वाटेल, तर तसंही नाही. माझी मांडी मोकळी होती म्हणून माझ्या हातून काही थोर व्हायलाच हवं होतं, हा कुठला न्याय? मला मुलं नकोच होती, आणि मला मोठी शिल्पंही करायची नव्हती. मला शनिवारी तुझ्याकडे यायचं होतं. हे मात्र मी तुला कधी सांगितलं नाही. तुला ते ठाऊक होतं असं मी समजून चालले आहे.

तू मला काय दिलंस तेही लिहायला हवं, नाहीतर नुसतीच भांडले असं होईल. माझ्या वर्गातल्या मुलींना मी डोळे मिटून माती करायला लावते. शेजारणीच्या चेहऱ्यावर एक हात, मातीवर दुसरा. मुली खिदळतात, आणि मग हळूहळू गप्प होतात. दरवर्षी एखादीच्या हातून असं काहीतरी होतं की मी शाळेतून तडक तुझ्याकडे घेऊन यायची. तू बघायचीस, बोटाने कान जरा दाबायचीस आणि म्हणायचीस, चांगलं आहे, आता हिला तारीफ ऐकवू नको. या वर्षीचं कोणाला दाखवू? दवाखान्यातही मी पिशवीतून एक आणलं होतं, रामदासपेठेत त्या खाटेशी. तू डोळे मिटूनच त्याच्यावरून हात फिरवलास.

परवा तेरवीच्या तयारीला फडताळ रिकामं करताना ती भुलाबाई माझ्या हातात आली. धूळ पुसली, चष्मा लावला आणि दारातल्या उजेडात धरली. नलू, इतकी वर्षं मी त्या मूर्तीबद्दल बोलले, तिच्यावरून तुझ्याशी भांडले, पण ती अशी हातात घेऊन पाहिलीच नव्हती. ती बाई मोकळी बसलेलीच नाही. तिची डावी मांडी उचललेली आहे. डावा हात वाकून हवेतच थांबला आहे, त्याला टेकायला काही नाही. मान किंचित मागे, हनुवटी वर, खाली कोणाचं तरी डोकं असल्यासारखी. पोर काढून घेतलंस आणि पोराची सगळी जागा ठेवलीस. खरंच मोकळी झालेली बाई अशी बसते का? पाय पसरून बसेल, पाठ टेकेल, कूस बदलेल.

तेव्हापासून मला चैन नाही. तू हे मुद्दाम केलंस का? की मोकळी बाई करायला बसलीस आणि तुझ्या हातांना दुसरं बसणं माहीतच नव्हतं? पहिलं असेल तर तू मला वाटत होतीस त्यापेक्षाही मोठी. दुसरं असेल तर माझं म्हणणं खरं, की पोरीनं तुझे हात बांधून टाकले. किंवा तुझं म्हणणं खरं, की हात त्यामुळेच शहाणे झाले. दोन दिवस मी घरात इकडून तिकडे फिरते आहे आणि उत्तर बदलते आहे. तुझ्याशिवाय कोणाला विचारू? आणि तू तर सरळ उत्तर कधी दिलंच नाहीस.

आज जेवणं झाल्यावर मंजू इथे येऊन बसली. तिने फडताळाकडे पाहिलं आणि विचारलं, "इंदूमावशी, खरं सांगा. तो गणपती मीच तोडला होता का?"

मी म्हटलं, नाही गं बाई, चार वर्षांचं पोर तू, तू कशाला तोडतेस?

"मग आईनं काहून नाही केला?"

माझ्यापुढे दोन उत्तरं होती. एक गोड. म्हणता आलं असतं की बघ, ही मांडी बघ, इथे तूच बसली आहेस, तुझ्या आईला तुझ्याशिवाय बाईच सुचत नव्हती. सातवा महिना लागलेल्या पोरीला, आई जाऊन पंधरवडा झालेल्या पोरीला, कोणीही तेच सांगितलं असतं. मी मूर्ती खाली काढली, तोंड उघडलं. आणि मग मंजूचा चेहरा पाहिला. काल पंगतीत तिला आईचा त्याग ऐकवत होते तेव्हा जसा होता तसाच, परीक्षेला बसवलेल्या पोरीसारखा. मला वाटलं, हिला आणखी एक गोड घास गिळवायचा नाही.

मग मी ते तुझं वाक्य सांगितलं. भिंतीचं काम, गोवर, सासूबाईंचं पडणं, सरांचा निरोप, सगळं सांगितलं आणि शेवटी तू दारात काय म्हणालीस ते, जसंच्या तसं. तू ऐकत असतीस तर मला इथून हाकलून दिलं असतंस.

मंजू हळूच म्हणाली, "म्हणजे आईले माझा कंटाळा येत होता."

"येत होता," मी म्हटलं. "कधीकधी लय येत होता. अन् मग माती घेऊन बसायची नं, तं तुलेच मांडीवर घ्यायची."

तिने तोंडावर पदर धरला. मला वाटलं, झालं, पोरीला रडवलं मी. पण ती हसत होती. हसता हसताच मग रडली. आणि मग भडाभडा बोलायला लागली. तिला भीती वाटते, नलू. पोट वाढत चाललं तसं तिला मधूनच वाटतं, नको हे, थोडा वेळ काढून बाजूला ठेवता आलं तर बरं होईल. बँकेतली नोकरी, तिचं ते भरतकाम, सगळं कुठे जाणार? आणि असं मनात आलं की तिला स्वतःची किळस वाटते. त्यात हे पंधरा दिवस सगळे तिला सांगत होते की तुझ्या आईच्या मनात असलं काही कधी आलंच नाही. "मले वाटे, मी आईच्या पोटची आहे का नाही," ती म्हणाली. "तिले कधी कंटाळाच आला नाही, अन् मले आधीपासूनच येऊन राहिला. मी कशी आई होईन?"

झोप त्याने उडाली होती, बाकी कशाने नाही. आणि आम्ही तिला आलं घालून दूध पाजत होतो.

तिने मला ते पुन्हा म्हणायला लावलं. काय म्हणाली आई? कशी म्हणाली? मी पुन्हा सांगितलं. तिने मूर्ती घेतली, थोडा वेळ उलटीसुलटी केली आणि बाजूला ठेवली. मांडीचं मी तिला दाखवलं नाही. ते तुझं आणि माझं भांडण आहे. तिला कधी दिसेल तर दिसेल.

मग बोलता बोलताच ती तुझ्या चटईवर कुशीवर झाली आणि झोपली. अजून झोपली आहे. तोंड उघडं आहे, बारीक घोरते आहे. वसंतराव मघाशी पाणी प्यायला आले, तिच्याकडे बघून पाऊल न वाजवता परत गेले. मी चहा केला होता तोही गार झाला.

आता तू ते वाक्य बोललीच नव्हतीस असं तुला म्हणायचं असेल, तर खुशाल म्हण. मी ते मंजूला देऊन टाकलं आहे.